हॉटेलात पडलात, भाजलात तर? बिल फेकू नका, दोन वर्षांच्या आत दाद मागा

शिरूर/दौंड : नगर रोडला शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर. सोलापूर रोडला यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ. सगळीकडे ढाबे आणि लॉज. आपण लेकराबाळांसह जेवायला थांबतो, पण तिथं कुणाला लागलं तर पुढं काय करायचं, हे बहुतेकांना माहीत नसतं.

तीन वर्षांपूर्वी आमची चुलती हायवेच्या एका हॉटेलात हात धुवायला गेली आणि बेसिनपाशी घसरली. फरशीवर पाणी साचलेलं होतं. खुब्याचं हाड मोडलं. मालकाने दोन हजार हातावर टेकवले. ऑपरेशनला दीड लाखाच्या वर गेले. वकिलाकडे गेलो तर पहिला प्रश्न, "बिल कुठंय?" बिल आम्ही तिथंच टाकलेलं. फोटोही नव्हता. प्रकरण तिथंच थांबलं. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

जबाबदारी कुणाची?

पैसे घेऊन सेवा दिली की जागा सुरक्षित ठेवणं हे मालकाचं काम. ओली फरशी, कठडा नसलेला जिना, उघडी वायर, गळका सिलिंडर हा निष्काळजीपणा ठरू शकतो. बिल नवऱ्याने दिलं आणि लागलं बायकोला, तरी तीही ग्राहकच. मात्र चूक आपलीही असेल, तर भरपाई कमी होऊ शकते.

"मालक जबाबदार नाही" अशा पाटीला घाबरू नका. दिल्लीच्या एका मोठ्या हॉटेलच्या पार्किंगमधून गाडी चोरीला गेली होती. पावतीवर 'मालकाच्या जोखमीवर' असं छापलेलं होतं. तरी निष्काळजीपणाची जबाबदारी हॉटेलला झटकता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं.

कुर्ल्याच्या सिटी किनारा हॉटेलात १६ ऑक्टोबर २०१५ ला आग लागून आठ जण गेले, त्यात बहुतेक कॉलेजची पोरं. घरच्यांनी पाठपुरावा सोडला नाही. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकेला प्रत्येक कुटुंबाला ५० लाख रुपये द्यायला सांगितले. म्हणजे परवाने तपासणारं सरकारी खातंही सुटत नाही.

त्याच दिवशी काय करायचं?

- बिल किंवा फोन पेची नोंद जपा.
- जागेचे फोटो, व्हिडिओ काढा. पाहणाऱ्या दोघांचे नंबर घ्या.
- सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा, असं मालकाला लेखी कळवा. फुटेज थोड्या दिवसांत पुसलं जातं.
- डॉक्टरला "हॉटेलात पडलो" असं स्पष्ट सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या.
- थोडे पैसे घेऊन "तक्रार नाही" अशा कागदावर सही करू नका.

दाद कुठं मागायची?

पोलीस : निष्काळजीपणाने दुखापत झाली तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ लागू शकतं. हाड मोडलं तर ती गंभीर दुखापत. हद्द दुसरी असली तरी कुठल्याही ठाण्यात तक्रार देता येते.

ग्राहक आयोग : दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी, झालेला त्रास यांची भरपाई इथं मागता येते. हॉटेल महाबळेश्वरला असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे पुण्याच्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. हॉटेलला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षं. माहितीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५.

वकिलाला पैसे नाहीत?

शिरूर आणि दौंडच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. इतरांना वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर. आधार, उत्पन्नाचा दाखला आणि दवाखान्याची कागदं घेऊन जा. हेल्पलाइन १५१००.

शेवटचं आपल्याच माणसांसाठी. मोराची चिंचोलीसारख्या गावांत आता शेतकरीच पाहुणे ठेवतात. विहिरीला कठडा, शेततळ्याला कुंपण, रात्री जिन्यात दिवा एवढं आधी करा. पाहुणा पडला तर तोच कायदा आपल्यालाही आहे.