मळणी यंत्राच्या पट्ट्याचा ताण : तपासणी व जुळवणी

आश्विन लागला म्हणजे जळकोट तालुक्यात सोयाबीनच्या काढणीची घाई सुरू होते. कापलेल्या पिकाच्या गंजी शेतोशेती उभ्या राहतात, परतीच्या पावसाचे ढग डोक्यावर असतात आणि मळणी यंत्र, ज्यास आपल्याकडे हडंबा असेही म्हणतात, एका शिवारातून दुसऱ्या शिवारात फिरत असते. यंत्र बहुधा भाड्याचे असते व चालकास पुढच्या गंजीची ओढ असते. अशा वेळी यंत्राच्या रबरी पट्ट्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. परंतु त्या पट्ट्याच्या ताणावर केवळ त्या दिवसाची रास नव्हे, तर घरचे बियाणे राखणाऱ्या शेतकऱ्याची पुढील वर्षाची पेरणीही अवलंबून असते.

ताण म्हणजे काय, हे मोटारसायकल वापरणाऱ्या शेतकऱ्यास वेगळे सांगावयास नको. गाडीची साखळी बोटाने खालीवर करून पाहिली असता ती साधारणतः दोन ते तीन सेंटिमीटर हलावी लागते. त्याहून अधिक हलली तर ती निसटते, मुळीच हलली नाही तर चाकाचे बेअरिंग खराब होते. यंत्राच्या पट्ट्यासही हाच न्याय लागू आहे. फरक एवढाच की, साखळीचे दुवे दात्यांत अडकतात, तर पट्टा केवळ घर्षणाने शक्ती वाहतो. म्हणून ढिली साखळी आवाज करते, पण ढिला पट्टा घसरतो आणि ती घसरण पुष्कळदा डोळ्यांस दिसत नाही.

ढिला पट्टा व फुटके बियाणे

मळणी यंत्रात वापरला जाणारा व्ही-पट्टा वर रुंद व खाली अरुंद असतो. तो पुलीच्या खाचेत पाचरीप्रमाणे बसतो व खाचेच्या दोन्ही कडांना चिकटून काम करतो. त्याचा तळ खाचेच्या तळास टेकता कामा नये. पट्टा ढिला झाला की पंखा व चाळणी यांची गती मंदावते आणि धान्यात भूस येऊ लागते. जेथे ड्रमही पट्ट्यावर चालतो, तेथे पीक जास्त पडताच ड्रम अडखळतो. अशा वेळी चालक पट्टा न ताणता इंजिनाचा वेग वाढवितो. सर्व अनर्थाचे मूळ येथे आहे. पीक कमी पडले की तोच ड्रम प्रमाणाबाहेर वेगाने फिरतो व दाणा फोडतो.

सोयाबीनच्या दाण्याची साल पातळ असून अंकुर सालीच्या लगतच असतो. वरून न दिसणाऱ्या माराने देखील त्याची उगवणशक्ती जाते. म्हणून बियाण्यासाठी मळणी करताना दाण्यातील ओलावा सुमारे १४ टक्के असावा व ड्रमचे फेरे मिनिटास ३५० ते ४०० असावेत, अशी शिफारस आहे. फेऱ्यांचा हिशेब सोपा आहे. इंजिनाच्या फेऱ्यांना त्याच्या पुलीच्या व्यासाने गुणावे व ड्रमच्या पुलीच्या व्यासाने भागावे. इंजिन १५०० फेरे घेत असेल, त्याची पुली साडेबारा सेंटिमीटरची व ड्रमची पुली ५० सेंटिमीटरची असेल, तर ड्रम ३७५ फेरे घेईल. पण पट्टा घसरत असेल तर हा हिशेब खरा ठरत नाही.

ताण कसा तपासावा

प्रथम इंजिन बंद करावे. यंत्र ट्रॅक्टरवर चालत असल्यास ट्रॅक्टर बंद करून किल्ली तपासणाऱ्याने आपल्या खिशात ठेवावी. जड चाक पूर्ण थांबेपर्यंत हात घालू नये. त्यानंतर पुढील क्रमाने काम करावे.

१. पट्ट्यावर भेगा, सुटलेले धागे किंवा काचेसारखी चकाकी आहे काय, ते पाहावे. चकाकी हे घसरणीचे चिन्ह होय. तेल वा वंगण लागले असल्यास पुसून काढावे.

२. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत काय, हे ताणलेल्या सुतळीने पाहावे. सुतळी दोन्ही पुल्यांच्या कडांना सारखी टेकली पाहिजे. पुल्या तिरप्या असतील तर ताण कितीही अचूक असला तरी पट्टा एका बाजूने झिजतो.

३. पट्टा एका पुलीस जेथे सोडतो व दुसरीस जेथे लागतो, ते अंतर मोजावे. दर मीटर अंतरास १६ मिलिमीटर, हे दाबाचे माप आहे. अंतर ६० सेंटिमीटर असेल तर पट्टा मध्यभागी सुमारे एक सेंटिमीटर दबावा.

४. दोन्ही पुल्यांवर सरळ काठी टेकवावी व स्प्रिंगच्या ताणकाट्याने पट्टा मध्यभागी काटकोनात ओढून वरील मापाइतका सरकवावा. पट्ट्यावर ‘बी’ हे अक्षर असेल, म्हणजे त्याची वरची रुंदी १७ मिलिमीटर असेल व लहान पुली साडेबारा ते वीस सेंटिमीटरची असेल, तर काट्यावर दोन ते तीन किलो वजन दिसावे. याहून कमी दिसल्यास पट्टा ढिला, अधिक दिसल्यास फाजील ताठ समजावा. एकाहून अधिक पट्टे असल्यास प्रत्येक निराळा तपासावा.

जुळवणी

इंजिनाचे किंवा ताण देणाऱ्या पुलीचे बोल्ट पान्याने सैल करावेत व ते दोन्ही बाजूंनी सारखे सरकवावे. पुली हाताने दोन-तीन वेळा फिरवून ताण पुन्हा मोजावा आणि मगच बोल्ट घट्ट करावेत. नवा पट्टा पहारीने उचकटून चढवू नये. त्याने आतील धागे तुटतात. अंतर कमी करून तो अलगद बसवावा. नवा पट्टा आरंभी ताणतो. म्हणून अर्धा तास काम झाल्यावर व पुन्हा दुसऱ्या दिवशी तो तपासावा. जोडीतील एक पट्टा निकामी झाल्यास सर्व एकदम बदलावेत, नाहीतर नव्या पट्ट्यावरच सारा भार पडतो.

घसरण थांबविण्यासाठी पट्ट्यावर राळ लावणे हा उपाय नव्हे. तसेच ‘जितका ताठ तितका चांगला’ हा समजही चुकीचा आहे. फाजील ताठ पट्ट्याने बेअरिंग तापते, आस वाकतो व पट्टाही लवकर तुटतो. हंगाम संपल्यावर ताण सैल करून पट्टे ऊन व उंदरांपासून दूर ठेवावेत.

सुरक्षितता

चालत्या पट्ट्याचा ताण हाताने वा पायाने अजमावण्याची खोड अनेकांस असते. तिच्यामुळे बोटे, हात व प्रसंगी प्राणही जातात. शेतीतील धोकादायक यंत्रांवर काम करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी १९८३ साली केंद्रीय कायदा झाला. परंतु खळ्यावरील खरे संरक्षण म्हणजे पट्ट्यावरील जाळी होय. जुळवणी झाल्यावर ती परत बसविल्याविना यंत्र सुरू करू नये. धोतराचा सोगा, साडीचा पदर व गळ्यातील उपरणे आवरून घ्यावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी गावातील यंत्रचालकांस एकत्र करून ही तपासणी प्रत्यक्ष करून दाखवावी. शेतकरी बंधूंनी यंत्र आपल्या शेतात आले की आधी पट्टा तपासावयास सांगावे व पहिले पोते भरताच मूठभर दाणे हातावर घेऊन पाहावे. दाणे फुटके दिसल्यास यंत्र तेथेच थांबवावे. बियाण्याचे शंभर दाणे पेरणीपूर्वी ओल्या गोणपाटात ठेवले असता निदान सत्तर उगवले पाहिजेत. गंजीवर पाऊस येईल म्हणून दहा मिनिटे वाचविणाऱ्यास मृगात पुन्हा बियाणे विकत घेण्याची पाळी येऊ शकते.