कंत्राटी फौज आणि वऱ्हाडचे गहाणखत

भाडोत्री सैनिक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर इराकमधला किंवा आफ्रिकेतला काळा चष्मा लावलेला कुणी बंदूकधारी उभा राहतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाचा त्याच्याशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे, आणि तो शेतसाऱ्याच्या पावतीइतका जवळचा आहे. वणी, केळापूर, दारव्हा, पुसद हा सारा मुलूख एकेकाळी एका फौजेच्या पगारापोटी गहाण पडलेला होता. आपल्याला शाळेत शिकवले गेले ते एवढेच की, १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांना दिला. का दिला, कुणाच्या देण्यापोटी दिला आणि ते देणे अखेर कुणाच्या पाठीवर पडले, हे कुणी शिकवले नाही.

मुळात ज्याला आपण 'इंग्रज सरकार' म्हणतो ते १८५८ पर्यंत सरकार नव्हते. ती एक व्यापारी कंपनी होती. तिला भागधारक होते, संचालक होते, नफ्याची वाटणी होती आणि दोन लाखांहून मोठी फौज होती. आज युद्धाचा धंदा करणाऱ्या कंपन्या हा जागतिकीकरणाचा नवा अवतार म्हणून सांगितल्या जातात. पण एवढी मोठी लष्करी कंपनी जगाने नंतर पाहिली नाही. एप्रिल १८१८ मध्ये पळत सुटलेल्या दुसऱ्या बाजीरावाला कर्नल ॲडम्सने गाठून मोडले ते पांढरकवड्याजवळ, आपल्याच जिल्ह्यात. पेशवाईचा अंत सांगताना पुणे आणि अष्टी आठवणाऱ्यांना पांढरकवडा आठवत नाही, ते असो. मुद्दा असा की, लढाईच्या दोन्ही बाजूंना पगारी माणसे होती. पेशव्यांकडे आणि नागपूरकर भोसल्यांकडे अरबांच्या पलटणी होत्या. फरक एवढाच की, अरबांचा पगार थकत असे आणि कंपनीचा बहुधा वेळेवर होत असे.

आता निजामाकडे वळू. १८०० च्या तहाने निजामाने कंपनीची तैनाती फौज कायमची ठेवून घेतली आणि तिच्या खर्चापोटी मुलूख तोडून दिला. त्याच तहात असे कलम होते की, युद्धप्रसंगी निजामाने सहा हजार पायदळ आणि नऊ हजार घोडदळ मदतीला द्यावे. युद्धप्रसंगी, हा शब्द ध्यानात ठेवावा. पुढे हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याने निजामाच्या पैशाने आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली वेगळ्याच पलटणी उभ्या केल्या. हीच वाढत वाढत 'हैदराबाद कंटिन्जंट' झाली. युद्ध नसतानाही ती बारमाही पोसावी, असे तहात कुठेच नव्हते. पुढे मुलूख लिहून घेणाऱ्या डलहौसीलाही ते ठाऊक होते. फौज नावाने निजामाची, हुकूम रेसिडेंटचा, पगार निजामाच्या खजिन्यातून. तिच्यातल्या अधिकाऱ्यांच्या जागा म्हणजे कलकत्त्याच्या वशिल्यातल्या गोऱ्या पोरांची चरण्याची कुरणे होती. 'बिचारा निजाम सगळ्यांचे भरतो', असा त्यांच्यात विनोदच प्रचलित होता.

निजाम भरत नव्हता, हे त्या विनोदात राहून गेले. त्याचा खजिना रिकामा होता. मग दिवाण चंदुलाल याने सावकार गाठले. त्यांत सर्वांत मोठी पेढी विल्यम पामर आणि कंपनीची. या पामरचा बाप पुण्याच्या दरबारात कंपनीचा रेसिडेंट राहिलेला आणि आई मुसलमान बेगम. पेढीतला एक भागीदार, सर विल्यम रम्बोल्ड, हा गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या घरात वाढलेल्या मुलीचा नवरा. देशी राजांना इंग्रज माणसाने परवानगीवाचून कर्ज देऊ नये, असा पार्लमेंटचा कायदा होता. १८१६ मध्ये या पेढीला खास सवलत मिळाली. फौजेचा पगार पेढीने द्यावा, त्यापोटी परगण्यांचा वसूल पेढीने घ्यावा, आणि व्याज शेकडा वीसहून जास्त. पेढीत पैसे गुंतवणारे काही लोक रेसिडेन्सीतलेच. म्हणजे फौज वाढली की खर्च वाढे, खर्च वाढला की कर्ज वाढे आणि कर्ज वाढले की ज्यांनी फौज वाढवली त्यांनाच व्याज मिळे. सर चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट होऊन आला तेव्हा त्याने हे बिंग फोडले. हे देणे फेडण्याला कंपनीने पैसा दिला आणि बदल्यात उत्तर सरकार प्रांताबद्दल निजामाला जी वार्षिक सात लाखांची पेशकश द्यायची होती, तीतून आपली कायमची सुटका करून घेतली. १८२४ च्या सुमारास पेढी बुडाली.

पेढी गेली तरी रीत राहिली. वऱ्हाडचा बराचसा भाग पुरणमल सावकाराकडे मक्त्याने गेला. १८३९ मध्ये त्याला काढल्यावर पेस्तनजी आणि कंपनी हे पारशी व्यापारी आले. वऱ्हाडचा कापूस मुंबईला पाठवण्यात ते अगदी पहिले होते. राज्याला दिलेल्या उचलीपोटी त्यांना इथल्या परगण्यांचा वसूल लावून दिला गेला आणि १८४५ च्या सुमारास त्यांनाही बळाने हुसकावण्यात आले. मक्तेदाराला किती वर्षे मिळणार याची खात्री नसे. त्यामुळे विहीर बांधावी, बांध घालावा, पडीक जमीन उठवावी यात त्याला रस असण्याचे कारण नव्हते. आज आहे तोवर ओरबाडून घ्यावे, हाच त्याचा हिशेब.

आणि या हिशेबात आपला माणूस कुठे होता? गावची चावडी, हद्दीची राखण, वसुलाची रक्कम पोचवणे, फौज आली की वाट दाखवणे, ओझी वाहणे, गवत-लाकूड पुरवणे ही महाराची कामे. फौजेच्या हिशेबाच्या वहीत शिपायाचा पगार आहे, घोड्याचा दाणा आहे, सावकाराचे व्याज आहे. ओझे वाहणाऱ्याचे नाव नाही, कारण तो पगारावर नव्हता, वेठीवर होता. ज्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात विधेयक मांडले, त्या वतनाचे मूळ असल्याच वेठीत आहे.

२१ मे १८५३ रोजी अखेरचा तह झाला. कंटिन्जंटपोटी कंपनीचे सुमारे पंचेचाळीस लाख रुपये निजामाकडे थकले, असे दाखवले गेले. वऱ्हाड, नळदुर्ग आणि रायचूर दुआब हा वार्षिक पन्नास लाख वसुलाचा मुलूख कंपनीने ताब्यात घेतला. त्यातून पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ आणि चार तोफखाने पोसायचे ठरले. १८६० मध्ये नळदुर्ग आणि रायचूर परत गेले, वऱ्हाड राहिला. १९०२ मध्ये पंचवीस लाख वार्षिक भाड्याने तो कायमचा पट्ट्यावर घेतला, तेव्हा कुठे कंटिन्जंट मोडली. मधल्या काळात, १८५८ मध्ये, हीच फौज सर ह्यू रोजबरोबर मध्य हिंदुस्थानात बंडवाल्यांशी लढत होती. म्हणजे वणीच्या पऱ्हाटीवर बसवलेला सारा बुंदेलखंडातल्या लढाईत बारूद होऊन उडाला.

इथे एक अवघड प्रश्न आहे आणि तो टाळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावात लढलेले महार शिपाई याच कंपनीच्या पगारावर होते. तिथल्या स्तंभावर पडलेल्यांची एकोणपन्नास नावे आहेत. त्यांतली बावीस 'नाक' या प्रत्ययावरून महारांची ओळखू येतात. मग तेही भाडोत्री का? आपले विरोधक हे कुत्सितपणे विचारतात, आणि आपण रागाने उत्तर देतो. रागाची गरज नाही. पगार सर्वच घेत होते. अरब घेत होता, गोसावी घेत होता, स्टॉन्टनही घेत होता. ज्याला गावात सावली आवरून चालावे लागे, त्याला प्रथमच ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम, अंगावर गणवेश आणि हातात बंदूक मिळाली. त्याने विकला तो घाम. आपली माणुसकी त्याने विकली नाही. नफा ज्यांनी वाटून घेतला ते लंडनात बसले होते. भाडोत्रीपणाचा डाग लावायचाच तर तो आधी त्या भागधारकांना लावावा.

परंतु पगार म्हणजे हक्क नव्हे, हेही त्याच इतिहासाने शिकवले. कंपनीचे राज्य राणीकडे गेले तेव्हा कंपनीच्या गोऱ्या सोजिरांनी १८५९ मध्ये तक्रार केली, की आम्हांला न विचारता आमची बदली कशी करता, आम्ही काय गुरेढोरे आहोत? सरकार नमले, सुमारे दहा हजारांनी रीतसर नाव कमी करून घेतले. उलट १८९२ च्या सुमारास 'लढाऊ जाती'चे शास्त्र काढून महारांची भरती बंद केली, तेव्हा त्यांना कुणी विचारले नाही. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला, पुढे शिवराम जानबा कांबळ्यांनी लिहिला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली म्हणून १११ वी महार पलटण उभारली आणि १९२१ मध्ये मोडली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडले. कंत्राट एका बाजूने केव्हाही तोडता येते. तुटणारी बाजू कोणती, हे जात ठरवत होती.

आजच्या युद्धभूमीवर हीच रचना नव्या कपड्यांत आहे. इराकमध्ये अमेरिकेने आपल्या कंत्राटदारांना इराकी कायद्यातून मोकळे ठेवले. १६ सप्टेंबर २००७ ला बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर कंपनीच्या रखवालदारांनी सतरा नागरिक मारले. अमेरिकेतच खटला होऊन चौघांना शिक्षा झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्यांना माफी दिली. त्या चौघांपलीकडे मात्र हजारो माणसे आहेत, ज्यांची नावे कुणाला ठाऊक नाहीत. मूळ कंत्राट अमेरिकन कंपनीचे, पोटकंत्राट आखाती कंपनीचे, त्याखाली दलाल. फाटकावर युगांडाचा किंवा नेपाळचा पहारेकरी, भटारखान्यात आणि धुलाईत हिंदुस्थानी. एकाच फाटकावर उभे राहून पगार पासपोर्टाप्रमाणे वेगळा. मेला तर तो सैन्याच्या मृतांत मोजला जात नाही. सरकारला कंत्राट आवडते ते नुसते स्वस्त म्हणून नव्हे. मेलेल्याचा जाब द्यावा लागत नाही म्हणूनही.

रशियाच्या सैन्यात अडकलेल्या भारतीय तरुणांचे प्रकरण २०२४ च्या आरंभी उघडकीला आले. तिथे फौज सरकारचीच होती, खासगी होती ती दलाली. मदतनीसाची, रखवालदाराची नोकरी म्हणून पैसे घेऊन नेलेली पोरे युक्रेनच्या आघाडीवर पोचली. त्यांतली काही मेली. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने दलालांवर गुन्हा नोंदवला.

आपल्या वस्तीतली मुले आज शहरांत एटीएमवर, गोदामांवर, कॉलनीच्या फाटकांवर बारा-बारा तास उभी आहेत. परदेशी पहाऱ्याच्या नोकरीचा दलाल त्यांच्यापर्यंत पोचायला फार अंतर नाही. कार्यकर्त्यांनी त्यांना देशभक्तीवर व्याख्यान देऊ नये. कागद हातात घेऊन बसावे. नोकरी देणारा कोण, पोचवणारा कोण आणि पगार देणारा कोण, ही तीन नावे एकच आहेत का? कागद कोणत्या भाषेत आहे? तिथे गेल्यावर काम बदलता येईल असे कलम आहे का? दावा कोणत्या देशाच्या कोर्टात चालेल? मेल्यास रक्कम कोण देईल आणि प्रेत कोण आणील? यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर कागदावर नसेल, तर सही करण्यापूर्वी तो कागद गावातल्या शिक्षकाला किंवा जिल्ह्याच्या ठिकाणच्या वकिलाला दाखवावा, आणि दलालाला पासपोर्ट देऊ नये.