‘पस्तीस’च्या पुढचा आकडा

आमच्या शेजारच्या वहिनींनी परवा लॅबचं ‘पॅकेज’ घेतलं. साखर, थायरॉईड आणि जोडीला ‘सीए-१२५’. रिपोर्टात त्यापुढे आकडा ६२, आणि शेजारी छापलेलं ‘३५ पर्यंत’. झालं! दोन दिवस घरात कुणाच्या घशाखाली घास उतरेना. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली तेव्हा कळलं, एन्डोमेट्रिऑसिस आहे. शिवाय रक्तही ऐन पाळीत दिलेलं!

मैत्रिणींनो, सीए-१२५ हे रक्तात सापडणारं एक प्रथिन. ते ओळखण्याची युक्ती १९८१ साली बॉस्टनच्या रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सापडली. बीजांडकोशाच्या कॅन्सरमध्ये ते वाढतं खरं. पण पाळीत, दिवस गेले असताना, गर्भाशयातल्या गाठींमुळे, अगदी पोटाच्या क्षयातही वाढतं. उलट कॅन्सर नुकताच सुरू झालेला असताना जवळजवळ निम्म्याजणींत ते वाढलेलं दिसतच नाही.

मग ही तपासणी अधिक नेमकी कशी करायची? ब्रिटनमध्ये २००१ ते २००५ या काळात पाळी गेलेल्या दोन लाखांवर बायका एका अभ्यासात घेतल्या. त्यांतल्या सुमारे पन्नास हजारजणींचं रक्त दरवर्षी तपासलं. सगळ्यांना ३५ ची एकच रेघ न लावता प्रत्येकीचा आकडा तिच्याच मागच्या आकड्यांशी ताडून पाहिला. एखादीचा नेहमीचा ८, तो १२, मग २० असा चढू लागला, तर तो ३५ च्या आत असूनही संशयाचा. नुसत्या ३५ च्या रेघेनं शंभरातले ४१ कॅन्सर सापडले असते. या पद्धतीनं ८६ सापडले!

एवढ्यानं काम फत्ते, असं वाटेल. पण २०२१ मध्ये शेवटचा हिशेब लागला. रोग लवकर सापडला, मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. म्हणूनच काही तक्रार नसताना पॅकेजमध्ये आहे म्हणून ही तपासणी करून घेण्यात अर्थ नाही.

तक्रार असेल तर गोष्ट वेगळी. पोट सतत फुगणं, दोन घासांतच भरणं, ओटीपोटात दुखणं, वारंवार लघवीला लागणं, हे पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालं आणि आठवड्यांमागून आठवडे टिकलं, तर ‘गॅस झालाय’ म्हणत ओवा चावत बसू नका. आई-बहिणीला हा किंवा स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

वहिनींना आता पाळी आटोपल्यावर, त्याच लॅबमध्ये पुन्हा रक्त द्यायला सांगितलंय. जुना रिपोर्ट त्यांनी रागानं फाडायला घेतला होता. मी तो हिसकावून फाईलला लावून ठेवलाय.