टबमधल्या सापासाठी उबेचा उतार

प्लास्टिकच्या टबात साप पाळणाऱ्यांचं गणित बहुतेक वेळा दोनच गोष्टींत चुकतं: उष्णता आणि हवा. या दोन्ही गोष्टी एकत्रच का सोडवाव्या लागतात, याविषयी.

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या गवताळ मुलखातला छोटा अजगर. वाढून वाढून तीन-चार फूट, क्वचित पाच. दिवसा तो उंदीर-घुशींनी सोडून दिलेल्या बिळांत किंवा वारुळांत पडून राहतो आणि अंधार पडला की बाहेर येतो. बिळाच्या तोंडाशी ऊब, आत गारवा आणि खोलवर ओलसर माती. भक्ष्य पचवायचं असलं की तो उबेकडे सरकतो, कात टाकायच्या दिवसांत ओलाव्याकडे. शरीर गरम ठेवण्याइतकी उष्णता आतून तयार करणं त्याला जमत नाही. त्याच्या हाती एकच उपाय असतो, जागा बदलण्याचा.

हाच साप आज अमेरिका, ब्रिटन आणि युरोपातल्या घरांत मोठ्या संख्येने पाळला जातो. घाना, टोगो, बेनिन या देशांतून त्याची निर्यात होत आली आणि आता त्याची पैदास घरीही होते. अनेक पाळणारे, विशेषतः पैदास करणारे, त्याला काचेच्या पेटीऐवजी कपडे ठेवायच्या प्लास्टिकच्या टबात ठेवतात. टब स्वस्त, हलका आणि धुवायला सोपा असतो. ऊब आणि ओलावा तो धरून ठेवतो, शिवाय धूसर प्लास्टिकमुळे बुजऱ्या सापाला आडोसा मिळतो. मात्र टबात गेलेल्या सापाचा जागा बदलण्याचा उपाय दोन-तीन फुटांत बंदिस्त होतो. ती निवड त्याला परत देण्यासाठीच टब तापवायचा आणि टबाच्या भिंतींना भोकं पाडायची. हे ध्यानात ठेवलं की बाकीचे नियम आपोआप उलगडतात.

एका टोकाला ऊब, दुसऱ्याला गारवा

अख्खा टब एकसारखा तापवणं ही पहिली चूक. बॉल पायथनला एका टोकाला साधारण ३१-३२ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २५-२६ अंश असा उतार लागतो. अमेरिकी कॉर्न स्नेकला उबदार टोक २९-३० अंशांचं आणि थंड टोक २२-२४ अंशांचं पुरतं. दोन्ही टोकांना लपायला एकेक खोपा हवा. नाहीतर साप ऊब आणि आडोसा यांतून एकच निवडतो, आणि बुजरा साप बहुधा आडोसाच निवडतो.

टबासाठी रूढ साधन म्हणजे टबाच्या बुडाखाली बाहेरून लावायची पातळ हीट मॅट. तिने तळाचा फक्त एक तृतीयांश भाग व्यापावा. टब आणि फळी यांच्यामध्ये चार-पाच मिलिमीटरची फट राहील असे छोटे पाय बसवावेत. फट नसेल तर गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपसारखी मॅट स्वतःच्याच उष्णतेने तापत जाते. मॅट दुमडू नये आणि कापू नये. वायरला चिमटा बसू देऊ नये. मॅटच्या वर भुशाचा जाड थर टाकू नये, कारण थर उष्णता अडवतो, वरचं तापमान योग्य दिसतं आणि साप उकरत खाली गेला की थेट तापलेल्या प्लास्टिकवर पोटाने पडतो.

अशा वेळी साप उठून जाईल असं वाटतं, पण तो जात नाही. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता टिपणारे खळगे असतात आणि काळोखात उंदराच्या अंगाची ऊब त्याला त्यांतून कळते. तोच साप भाजणाऱ्या तळावर मात्र तासन्‌तास पडून राहू शकतो. पोटावरचे चटके ही सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेहमी येणारी तक्रार आहे. दुकानांत मिळणारे विजेवर तापणारे नकली दगड याच कारणाने बदनाम झाले.

दिवा प्लास्टिकच्या झाकणावर कधीही ठेवू नये. पॉलिप्रॉपिलीनचा टब साधारण १६० अंशांना वितळतो, म्हणजे मॅटच्या नेहमीच्या उबेला तो सहज टिकतो. दिव्याखाली मात्र त्याचा भरवसा धरता येत नाही. मॅटने तळ तापतो, हवा फारशी तापत नाही, हेही लक्षात ठेवावं. हिवाळ्यात खोली १५ अंशांवर उतरत असेल तर मॅट वाढवून उपयोग नाही, खोलीच उबदार ठेवावी लागते.

थर्मोस्टॅटचं टोक

थर्मोस्टॅटशिवाय मॅट लावणं म्हणजे आच न पाहता चूल पेटती ठेवण्याचा प्रकार. बिननियंत्रणाची मॅट ४५ अंशांच्या पुढेही जाऊ शकते. तरीही थर्मोस्टॅट विकत आणला की काम झालं असं नाही, कारण त्याला कळतं ते फक्त त्याच्या प्रोबच्या टोकाशी असलेलं तापमान. टोक टबाच्या आत ठेवलं आणि सापाने ते ढकललं, किंवा पाण्याचं भांडं त्यावर लवंडलं, तर थर्मोस्टॅटची समजूत होते की टब गार पडला. मग तो मॅट चालूच ठेवतो. म्हणून टोक मॅट आणि टबाचं बूड यांच्या मध्ये, बाहेरून पक्कं बसवणं बरं. उष्णतेचा थोडा भाग प्लास्टिक ओलांडताना कमी होतो. त्यामुळे थर्मोस्टॅटवरचा आकडा आतल्या तळापेक्षा एक-दोन अंश जास्त ठेवावा लागू शकतो. खरा आकडा इन्फ्रारेड थर्मामीटरने आतला तळ मोजूनच कळतो. टबाच्या आत चिकटपट्टी मात्र कुठेच लावू नये. तिला चिकटलेला साप सोडवताना खवलं निघतात.

थर्मोस्टॅटही बिघडतो आणि कधी कधी ‘चालू’ स्थितीतच अडकतो. सावध पाळणारे म्हणून दोन-तीन अंश वर लावलेला दुसरा थर्मोस्टॅट त्याच्या जोडीला ओळीने बसवतात. पहिला अडकला तर दुसरा वीज तोडतो. एवढी काळजी तापमान वर जाऊ नये म्हणून घ्यायची, कारण निरोगी साप एखादी गार रात्र सोसतो, अति उष्णता मात्र त्याला काही तासांत मारू शकते. वीज गेली तर सापाला कापडी पिशवीत घालून थर्माकोलच्या खोक्यात ठेवावं. शेजारी टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवावी. पुन्हा ऊब मिळेपर्यंत खायला देऊ नये. गारठलेल्या सापाच्या पोटात भक्ष्य पचत नाही, सडतं.

भोकं किती?

सापाचा श्वासोच्छ्वास इतका मंद असतो की त्याला प्राणवायू थोडाच लागतो. भोकं पाडायची ती मुख्यतः ओलावा आणि विष्ठेचा वास बाहेर काढायला. २० अंशांची एक घनमीटर हवा फार तर १७ ग्रॅम बाष्प धरते, ३० अंशांची हवा सुमारे ३० ग्रॅम. मॅटजवळची ऊबदार, दमट हवा थंड भिंतीला लागली की तिथे थेंब धरतात. भोकं कमी असतील तर भुसा ओला राहतो, बुरशी धरते आणि पोटाची खवलं कुजू लागतात. श्वसनमार्गाला जंतुसंसर्ग होतो. सापाला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, त्यामुळे खोकून कफ बाहेर टाकणं त्याला जमत नाही. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, शिटीसारखा आवाज, तोंडाशी बुडबुडे ही लक्षणं दिसली की डॉक्टर गाठावा.

आता उलट बाजू. हिवाळ्यातल्या खोलीत २० अंशांना ४० टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा ३० अंशांपर्यंत तापली की आर्द्रता साधारण २३ टक्क्यांवर येते. भोकं जास्त असतील तर बॉल पायथनला लागणारी ५५ ते ७० टक्के आर्द्रता टिकत नाही. कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि डोळ्यांवरची कात तशीच राहते. नेमका आकडा म्हणून सांगता येत नाही. समोरासमोरच्या दोन बाजूंना, मॅटच्या टोकाला वरती आणि गार टोकाला खालती, अशी थोडी भोकं पाडून सुरुवात करावी. ऊबदार हवा वरून निघते, ताजी खालून येते. झाकणाला भोकं पाडली तर ऊब आणि ओलावा दोन्ही भराभर जातात, आणि टब एकावर एक रचले की ती भोकं बंदच होतात. जास्त झालेलं भोक बाहेरून पट्टी लावून झाकता येतं, पण शहाणपण थोडक्यापासून सुरुवात करण्यातच आहे.

भोकं साप आत नसतानाच पाडावीत. सोल्डरिंग आयर्नने पाडायची तर उघड्यावर, कारण वितळत्या प्लास्टिकचा धूर वाईट. कोणत्याही हत्याराने आतून बाहेर पाडावीत, म्हणजे खरखरीत कड बाहेर राहते आणि भिंतीवर नाक घासत फिरणाऱ्या सापाला इजा होत नाही. पिल्लांसाठी भोक तीन मिलिमीटरच्या वर नको. जिथे डोकं शिरतं तिथे साप निघतो. झाकणाला दोन्ही बाजूंनी पक्के खटके हवेत.

आधी रिकामा टब

सगळं जोडून झालं की साप न घालता टब दोन-तीन दिवस चालवावा. दोन्ही टोकांचं तापमान आणि आर्द्रता सकाळी, दुपारी आणि रात्री लिहून ठेवावी. खोलीचं तापमान बदललं की टबाचं काय होतं, ते या नोंदींतूनच कळतं. टब किती मोठा असावा यावर वाद आहे. पैदास करणारे लहान टबांचं समर्थन करतात, तर प्राणिकल्याणाचा आग्रह धरणारे सापाला पूर्ण लांब होता येईल एवढी जागा मागतात. उताराच्या दृष्टीने पाहिलं तर दुसऱ्या पक्षाचं म्हणणं पटतं. टब फारच आखूड असेल तर त्यात दोन तापमानं मावतच नाहीत.

महाराष्ट्रात प्रश्न उलटा

परदेशात राहणाऱ्या मराठी घरांत मुलाने साप मागितला तर हे सगळं थेट कामाला येईल. इथे परिस्थिती वेगळी आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे आपल्याकडचे साप पाळणं गुन्हा आहे. बॉल पायथनसारखे साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातले परदेशी साप बाळगायचे तर २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. आणि विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांना भिडतो, तेव्हा सापाला ऊब देण्याऐवजी उष्णतेपासून वाचवणं हीच अडचण होते. पकडलेला साप बरणीत ठेवताना सर्पमित्रांनाही उष्णतेची हीच काळजी घ्यावी लागते. झाकणाला आणि बाजूंना भोकं हवीत, बरणी उन्हात किंवा बंद गाडीत क्षणभरही ठेवू नये, आणि शक्य तितक्या लवकर साप सुरक्षित अधिवासात सोडावा. बंद गाडीतल्या बरणीतून सापाला कुठेही सरकता येत नाही.

घरात साप निघाला तर तो डब्यात भरून ठेवण्याच्या फंदात पडू नका. अंतर राखून त्याच्यावर नजर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.