यॉट ठरवण्याआधी

जाहिरातीतलं साप्ताहिक भाडं म्हणजे बहुधा फक्त बोट, खलाशी आणि विमा. इंधन, खाणंपिणं, बंदराचं शुल्क यांसाठी भाड्याच्या साधारण 25 ते 35 टक्के रक्कम कप्तानाकडे आगाऊ द्यावी लागते. शेवटी हिशेब होऊन उरलेले पैसे परत मिळतात. कर आणि बक्षिसी वेगळी.

पाहुणे बहुतेक बोटींवर जास्तीत जास्त 12च.

ग्रीसच्या सायक्लेड्स बेटांकडे जुलै-ऑगस्टमध्ये जायचं, तर मेल्टेमी लक्षात घ्यायलाच हवा. आकाश निरभ्र असतानाही हा उत्तरेचा वारा दिवसचे दिवस घोंघावतो आणि मिकोनोस-सान्तोरिनीचं वेळापत्रक कोलमडतं. जूनचा आरंभ कितीतरी सुखाचा. भर उन्हाळ्यातच जमणार असेल, तर पश्चिमेकडची कॉर्फू, पॅक्सॉस ही आयोनियन बेटं बरी.

स्पेनच्या इबिझा-फॉर्मेन्तेरा बेटांच्या परिसरातली पोसिडोनिया या सागरी वनस्पतीची कुरणं 1999पासून जागतिक वारसा आहेत. नांगराने ती उखडली, तर भरून यायला कित्येक दशकं जातात. म्हणूनच या बेटांसह सगळ्या बॅलिआरिक द्वीपसमूहात 2018पासून त्यांवर नांगर टाकायला बंदी आहे. कप्तान वाळूचा तळ शोधत असेल, तर त्याला घाई करू नये.

भारतीय पासपोर्टवर ग्रीसच्या कोस बेटाहून समोरच्या तुर्की बोद्रुमला जाऊन परतायचं असेल, तर शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. तुर्कस्तानचा व्हिसा निराळा.