मैदान कोरडं राहतं कशानं?

नातेपुत्यात मैदानाचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘आपल्याकडं पाऊसच कुठं पडतो?’ बोलणाऱ्याचं अगदीच चुकतं असं नाही. शंभूमहादेवाच्या डोंगररांगेच्या पायथ्याचा हा पट्टा पर्जन्यछायेतला. सोलापूर जिल्ह्याची वर्षाची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. इथून सरळ पश्चिमेला, सव्वाशे किलोमीटरच्या आत असलेल्या महाबळेश्वरात याच्या दसपट पाऊस पडतो. तेव्हा निचरा वगैरे कोकणातल्या लोकांनी बघावं, आपल्याला मुरूम आणि रोलर पुरे, असं वाटणं साहजिक आहे.

पण आपल्याकडचा पाऊस कमी असला तरी तो महिनोन्‌महिने रिमझिमत नाही. वळवाच्या नाहीतर परतीच्या दोन-चार तडाख्यांत वर्षाचा मोठा हिस्सा पदरात टाकून निघून जातो. ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा सोलापूर जिल्ह्यावरून गेला, तेव्हा पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जणांचा जीव गेला. मे २०२५ च्या अखेरीला तर पावसाळा धड सुरूही झाला नव्हता, आणि बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस या चारही दुष्काळी म्हणवणाऱ्या तालुक्यांत शेतं तळ्यासारखी दिसत होती. बारामती तालुक्यात नीरा डावा कालवा फुटला तो याच पावसात.

हिशेब करून बघा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. चारशे मीटरच्या धावपट्टीचं मैदान साधारण चार एकरांचं, म्हणजे सोळा हजार चौरस मीटर. त्यावर दोन इंच, पन्नास मिलिमीटर पाऊस झाला की आठ लाख लिटर पाणी जमतं. दहा हजार लिटरचे ऐंशी टँकर! उन्हाळ्यात एका टँकरसाठी ज्या गावांनी हंडे-कळश्यांच्या रांगा लावल्या आहेत, त्यांना हा आकडा समजावून सांगायची गरज नाही. आणि हे झालं फक्त मैदानाच्या अंगावर पडलेलं पाणी. वरच्या उतारावरून वाहत येणारं वेगळं.

‘काळी माती पाणी पिते’

पिते, पण पहिल्या पावसात. मे महिन्यात काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. वळीव आला की पाणी त्या भेगांतून धबाधबा खाली जातं आणि बघणाऱ्याला वाटतं, काय जमीन आहे! मग ती चिकणमाती फुगते, भेगा मिटतात, आणि त्यानंतर तिच्यातून तासाला जेमतेम काही मिलिमीटर पाणी मुरतं. पाऊस तासाला पन्नास मिलिमीटर पडत असेल तर उरलेल्याचं काय होणार हे उघड आहे.

त्यात मैदानाची माती आपण मुद्दाम दाबलेली असते. नातेपुत्यात या दाबणीला आणखी एक कारण आहे. आषाढी वारीत माउलींच्या पालखीचा इथं मुक्काम असतो, आणि वारकऱ्यांबरोबर दिंड्यांचे ट्रक, टेम्पो, पाण्याचे टँकर येतात. मिळेल त्या मोकळ्या जागेत तंबू पडतात. ओल्या मातीवरून भरलेला ट्रक गेला की वरचा वीतभर थर असा घट्ट बसतो की पुढं पावसाळाभर त्यातून पाणी उतरत नाही. वाहनांसाठी मैदानाची एक कड पक्की खडी घालून वेगळी राखली, तर उरलेलं मैदान वाचतं.

मग लोक मुरूम आणतात. मुरूम चांगलाच, पण काळ्या मातीवर नुसता मुरूम पसरला तर पाणी मुरमातून उतरतं आणि खालच्या काळ्या थरावर जाऊन बसतं. वरून मैदान सुकल्यासारखं दिसतं. कबड्डीतला चढाईवाला जोरात वळला की टाच आत जाते. मुरमाखालच्या थराला उतार आणि तिथून पाण्याला बाहेर पडायला वाट हवी. ही वाट काढायची विद्या आपल्या ऊसवाल्यांना परकी नाही. क्षारपड रानात सच्छिद्र पाइप गाडून, भोवती वाळू-खडी भरून जो भूमिगत निचरा करतात, मैदानाखाली नेमकं तेच लागतं.

‘मैदान म्हणजे पातळीत सपाट हवं’

नको. डोळ्याला सपाट आणि पाण्याला उतरतं असं मैदान हवं. शंभर फुटांना एक फूट उतार खेळणाऱ्याला जाणवत नाही, पाण्याला पुरतो. आंतरराष्ट्रीय धावपट्टीलासुद्धा आतल्या बाजूला शंभरास एकपर्यंत उतार चालतो. धावण्याच्या दिशेनं मात्र हजारास एकच.

‘सिंथेटिक केलं की चिखल संपला’

चिखल संपतो, पाणी संपत नाही. लाल सिंथेटिक धावपट्टी डांबराच्या थरावर बसवलेली असेल तर ती पाण्याच्या दृष्टीनं रस्ताच. मातीत थोडंफार मुरत होतं तेही आता वाहून शेजारच्या गल्लीत जाणार. पेव्हर ब्लॉकचं तेच.

‘भराव टाका, विषय संपला’

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हा. गावात मोठी मोकळी जागा शिल्लक असते ती बहुतेक वेळा खोलगट, ओढ्याच्या कडेची. घर बांधायला कुणी घेत नाही म्हणूनच ती मोकळी राहिलेली असते. पाच-सहा फूट भराव घालून, भोवती कंपाउंड बांधून तिथं मैदान उभं केलं की मैदान कोरडं राहतं हे खरं. पण पुराच्या वेळी त्या खोलगटात जे पाणी दोन-चार तास विसावायचं ते आता समोरच्या काठावरच्या घरात विसावतं. एका एकरात फूटभर पाणी म्हणजे बारा लाख लिटर. भराव टाकून आपण तेवढी जागा पाण्याकडून काढून घेतो. पाणी कमी करत नाही.

कंपाउंडचं आणखी वाईट. माणदेशातला शेतकरी रानाला ताल, म्हणजे मातीचा बांध, घालतो तेव्हा सांडवा आधी ठरवतो, कारण सांडव्याविना ताल पहिल्याच मोठ्या पावसात फुटते. आपल्या मैदानांच्या भिंतींना सांडवा नसतो. वरच्या बाजूची भिंत पाणी अडवून शेजाऱ्याच्या दारात नेते, खालच्या बाजूची भिंत आतलं तळं करते. तिथं जाळीचं कुंपण घातलं तर खर्चही वाचतो.

कोल्हापूर याबाबतीत बघण्यासारखं आहे. शिवाजी पेठेतलं गांधी मैदान हे मुळात वरुणतीर्थ तळं. तळं बुजलं, मैदान झालं, पिढ्यान्‌पिढ्या पोरं तिथं खेळली. पण भोवतालच्या पेठांचा उतार काही बदलला नाही. मोठ्या पावसात पाणी अजून जुन्या पत्त्यावर येतं, आता गटाराचं मैलापाणी सोबत घेऊन. फुटबॉलचं शाहू स्टेडियमही जुन्या रावणेश्वर तळ्याच्या जागी आहे. तळ्याच्या जागी मैदान करणं हा गुन्हा नव्हे; बंगले बांधण्यापेक्षा शंभर पटीनं बरं. फक्त येणाऱ्या पाण्याची सोय आराखड्यात आधी लागते, नाहीतर नंतर दर पावसाळ्यात पंप लावत बसावं लागतं.

‘पूररेषेत मैदानाला कोण अडवतं?’

मैदानाला कुणी अडवत नाही, मैदानाच्या नावाखाली येणाऱ्या बांधकामाला नियम अडवतो. जलसंपदा विभागाची निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार नदीकाठ ते निळी रेषा हा पट्टा बांधकामाला निषिद्ध. बाग, हिरवळ, मोकळी जागा, वाहनतळ असं चालतं. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर ४५ सेंटीमीटर घ्यावं लागतं. म्हणजे निळ्या रेषेच्या आत खेळा खुशाल, पण व्यायामशाळा, कपडे बदलायच्या खोल्या, प्रेक्षकांच्या पक्क्या पायऱ्या वरच्या अंगाला न्या.

‘२५ वर्षांतून एकदा’ याचाही घोळ होतो. गेल्या वर्षी पूर आला, आता चोवीस वर्षं निवांत, असा त्याचा अर्थ नाही. दर वर्षी चार टक्के शक्यता, असा आहे. आणि २५ वर्षांच्या काळात तो एकदा तरी येण्याची शक्यता ६४ टक्के निघते. सांगलीनं २००५ नंतर २०१९ चा महापूर पाहिला आणि लगेच २०२१ चा.

ओढ्यांचा मामला जास्त नाजूक. नीरेसारख्या नदीची पूररेषा कागदावर सापडेल, डोंगरातून नीरेकडं उतरणाऱ्या लहान ओढ्यांची सापडेलच असं नाही. तिथं भूमी अभिलेखचा गावनकाशा काढावा. नांगरून सपाट केलेला ओढासुद्धा नकाशात दिसतो. नातेपुत्याच्या नगरपंचायतीची पहिली निवडणूक २०२१-२२ च्या हिवाळ्यात झाली. विकास आराखड्यात क्रीडांगणाचं आरक्षण टाकताना हा नकाशा टेबलावर असला तर पुढची बरीच भांडणं वाचतील.

‘पाणी गटारात सोडलं की झालं’

दुष्काळी गावानं ऐंशी टँकर पाणी गटारात सोडावं, हे काही पटत नाही. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात बेंथेमप्लाइन नावाचा चौक २०१३ मध्ये बांधला. त्याचं बास्केटबॉलचं मैदान मुद्दाम खोलगट केलंय. एरवी पोरं खेळतात, मोठ्या पावसात ते भरतं आणि पाणी सावकाश सोडलं जातं. मुंबईत शिवाजी पार्कवरही महापालिकेनं पावसाचं पाणी जिरवायची योजना केली, कारण उन्हाळ्यात उडणाऱ्या धुळीवर मारायला पाणी लागतं.

आपल्याकडं हे स्वस्तात जमतं. वरच्या उतारावरचं पाणी मैदानात शिरण्याआधी आडव्या चरीनं बाजूनं काढायचं. मैदानाचं स्वतःचं पाणी खालच्या कोपऱ्यातल्या गवताच्या खोलगटात घ्यायचं, दिवसभरात तिथून जिरू किंवा ओसरू द्यायचं, आणि त्याहून जास्त आलं तर दगडी सांडव्यावरून ओढ्यात. जवळच्या बोअरमध्ये सोडायचं असेल तर वाळू-खडीच्या गाळणीतूनच. गढूळ पाणी थेट सोडलं तर झरे गाळानं बंद होतात.

एवढं करूनही चर दर वर्षी मे महिन्यात उपसावी लागते, कारण मातीपेक्षा जास्त तिच्यात गुटख्याच्या पुड्या आणि पाण्याच्या बाटल्या साठतात. मैदानाच्या अंदाजपत्रकात गॅलरी असते, हायमास्ट असतो, प्रवेशद्वाराची कमान तर हमखास असते. चर उपसायची तरतूद त्यात आहे का, हे उद्‌घाटनाच्या आधी कुणीतरी विचारावं.