बैल बडवणे: चाल आणि शास्त्र

बेज्जूर (पूर्वीचा आदिलाबाद, २०१६ पासून कुमरम भीम आसिफाबाद जिल्हा) काय किंवा आपल्याकडील एखादे खेडे काय, गोऱ्हा औताला जुंपायचा तर त्याचे खच्चीकरण करतात. नाहीतर तो मारका होतो, आवरत नाही. जुनी रीत म्हणजे बडवणे: पाय बांधून, पाडून, वृषण दगडा-लाकडाने चेचायचे. त्या मुक्या जनावराच्या वेदनांची कल्पनाच केलेली बरी!

विसाव्या शतकाच्या आरंभी इटलीतील बर्डिझो या पशुवैद्याने यासाठी एक चिमटा तयार केला. त्याने कातडी न फाटता आतील रेतवाहिनी व रक्तवाहिन्या चिरडल्या जातात. रक्तपुरवठा तुटल्याने वृषण हळूहळू सुकतात. उघडी जखम नसल्याने माश्या बसून किडे पडण्याचे भय नाही. मात्र दोन्ही बाजू निरनिराळ्या व थोड्या खालीवर दाबाव्या लागतात; एका रेषेत दाबल्यास पिशवीची कातडीच सडण्याचा धोका असतो.

वेदना चिमट्यानेही होतातच. म्हणून २०२३ च्या केंद्रीय नियमांनुसार हे काम पशुवैद्याने भूल देऊनच करावयाचे आहे.

सुट्टीत गावी जाल तेव्हा वडीलधाऱ्यांना एवढे जरूर सांगा. ज्याच्या खांद्यावर शेती उभी, त्याचे ऋण पोळ्याला नुसती झूल घालून फिटत नाही.